आज रोट्या कोणाच्या?

गोकुळाच्या मोबाइलवर टिंग वाजलं तेव्हा ती प्रफुलच्या दुकानात रिचार्ज मारायला उभी होती आणि शेजारी जया होती. जया शेजारी असतानाच टिंग वाजावं, ही गोकुळाची अलीकडची रोजची इच्छा. देवाने तिचं बाकी काही ऐकलं नसेल, एवढं मात्र तो ऐकत होता.

"वाच ना प्रफुलभाऊ, बारीक अक्षर हाय, दिसून नाई राह्यलं," ती म्हणाली. अक्षर तिला चांगलं दिसत होतं. पण दुसऱ्याने मोठ्याने वाचलं की शेजारच्यालाही ऐकू जातं.

प्रफुलने वाचलं. ऊर्जानगरातल्या एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला बाई हवी होती. कायमची. आधी शनिवारच्या जेवणाला यायचं आणि हात पसंत पडला तर पुढल्या महिन्यापासून सगळं स्वयंपाकघर ताब्यात. बायांना घरकामं देणाऱ्या ॲपने त्यासाठी सगळ्यात वर काढलेलं नाव होतं गोकुळा नागपुरे.

"बंगला लागला तुले," प्रफुल म्हणाला.

गोकुळाने पदर सारखा केला आणि न बघितल्यासारखं करून जयाकडे बघितलं. एवढ्यात जयाचाही मोबाइल थरथरला. तिने तो कोणाला दिला नाही, स्वतःच वाचला. गोकुळाने मान लांब करून पाहिलंच. दोन क्वार्टरांमधलं संडास-बाथरूम धुण्याचं काम होतं. जयाने मोबाइल पिशवीत टाकला, "चांगलं झालं व गोकुळा," म्हणाली आणि उन्हात निघून गेली.

त्या "चांगलं झालं"मध्ये कुठेतरी खोट असणार, म्हणून घरी पोहोचेपर्यंत गोकुळाने ते शब्द उलटसुलट करून पाहिले. खोट सापडली नाही. त्याचाही तिला रागच आला.

चंद्रपूरबाहेर ऊर्जानगर ही वीजकेंद्राची वसाहत आहे, तिच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत या दोघी राहतात. गोकुळा गोंडपिपरीकडची, ढिवराच्या घरची. बाप आणि भाऊ तलावात जाळं टाकणारे, नवरा इस्तारी वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकवर. जया रामटेके ब्रह्मपुरीकडची, बौद्ध. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती धाकट्या भावाकडे, धम्मदीपकडे राहते. दोघींची ओळख झाली ती सुरेंद्रच्या खानावळीत. रस्त्याच्या कडेला पत्र्याची खानावळ होती आणि मागच्या बाजूला दोन चुली. सुरुवातीला गोकुळा घरून पाण्याची बाटली न्यायची, कारण खानावळीतलं पाणी जया भरत असे. पुढे उन्हाळ्यात कधीतरी बाटली घरी विसरली, मग विसरतच गेली. हे असं होतं, कोणी त्यावर बोललं नाही.

गोकुळाच्या पोटात जे दुखत होतं ते वेगळंच होतं. ते रोटीचं दुखणं होतं.

आमच्याकडची लांब रोटी ही लाटायची वस्तू नाही. कणीक सैल भिजवायची, परातीत आपटून आपटून तिला रबरासारखी तार आणायची आणि गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरवायचा. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर तो अलगद सोडायचा. रोटी एवढी पातळ व्हावी लागते की मडक्याचा रंग तिच्यातून दिसावा. जयाच्या हातावर ती धुतल्या धोतरासारखी उतरायची. गोकुळाची रोटी कोपरापर्यंत नीट यायची आणि कोपराशी आली की फाटायची. तिने बांगड्या काढून पाहिल्या, पीठ बदलून पाहिलं, चक्कीवाल्याशी भांडून पाहिलं. रोटी कोपराशीच फाटायची.

गिऱ्हाइकं आत शिरतानाच विचारत, "आज रोट्या कोणाच्या?" जयाच्या असल्या तर बसत. गोकुळाच्या असल्या तरी बसत, पण भात मागवत.

तसा गोकुळाच्या हाताला गुण नव्हता असं नाही. तिच्या झिंग्यांच्या रश्श्यासाठी ट्रकवाले वाट वाकडी करून यायचे. पण माणसाला आपल्या ताटातलं मोजायची सवय नसते. एकदा इस्तारी घरी जेवता जेवता म्हणाला, जयाबाईची रोटी म्हणजे रोटी. बोलून गेला बिचारा. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात रोटी झाली नाही, आणि ती का होत नाही हे विचारण्याची हिंमतही इस्तारीला झाली नाही.

पुढे रस्ता रुंद झाला, खानावळ त्यात गेली. सुरेंद्र गावी गेला. दोघी बसल्या घरी. तेव्हा प्रफुलने हे ॲप आणलं. बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचं होतं. क्वार्टरांतल्या बाया मोबाइलवर कामवाली मागवत आणि कोण कुठे जाईल हे ते मशीनच ठरवी. प्रफुलने वस्तीतल्या बायांची नावं, फोटो, गाव, कामाचा अनुभव असं सगळं भरून दिलं. जया आणि गोकुळा, दोघींच्याही नावापुढे त्याने एकच लिहिलं होतं: स्वयंपाक, खानावळीचा अनुभव.

पहिल्या आठवड्यापासूनच चमत्कार सुरू झाला. गोकुळाला स्वयंपाकघरं मिळायला लागली, एकामागून एक. जयाला फरशी, संडास, बाथरूम. कधी एखाद्या म्हाताऱ्याचं अंग पुसायचं काम. स्वयंपाकघर म्हणून एकही नाही. गोकुळाला वाटलं, एवढी वर्षं माणसांनी केलेला अन्याय मशीनने निस्तरला. माणसं लाडात येतात, सवयीने बोलतात, मशीन कोणाचं सगंसोयरं नाही. "मशीनले हात समजते," असं ती नळावर, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात, जिथे चार बाया दिसतील तिथे सांगत सुटली. जयाला तिने मायेने सल्लाही दिला की फोटो नवीन काढ, त्यात तुझा चेहरा उतरलेला दिसतो. असा सल्ला द्यायला मिळणं म्हणजे काय सुख असतं, हे ज्याने कधी कोणाचा हेवा केला आहे त्यालाच कळेल.

आणि आता हा बंगला. तो कायमचा मिळाला की विषय संपला. मग कोणी कधीही विचारावं, रोट्या कोणाच्या.

गुरुवारी बंगल्यावरच्या मॅडमचा फोन आला. पुण्याहून पाहुणे येणार होते. त्यांना इकडचं काहीतरी खास खायचं होतं. पाटवडीचा रस्सा, भरली वांगी, आणि ती मडक्यावरची रोटी असते ना तुमच्याकडे, ती. तुम्हाला येते ना, असं मॅडमनी विचारलं. गोकुळाची जीभ तिच्याआधी बोलून गेली, "हाव, येते ना."

त्या संध्याकाळी तिने अंगणात मडकं पालथं घातलं. पहिली रोटी कोपराशी फाटली. दुसरी, तिसरी, सगळ्याच फाटल्या. इस्तारी बाजेवर बसून बघत होता. फाटलेल्या रोट्या त्याने मुकाट्याने खाल्ल्या आणि शेवटी खाली बघत म्हणाला, "जयाबाईले विचारून पाय." गोकुळाने मडकं उचललं आणि आत निघून गेली. पण सकाळी उठून ती जयाकडेच गेली.

जाताना तिने मनाशी एक गोष्ट रचली होती. बंगल्याचं काम मोठं आहे, हाताखाली कोणीतरी हवं, तुझी तेवढीच ओळख होईल, असं बरंच काही. जयाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रोटी हाय काय?"

"हाय."

"मंग येते. मडकं माहं आणते. दुसऱ्याच्या मडक्यावर भरवसा नाई."

शनिवारी बंगल्यावर मॅडमनी चुलीची जागा मागच्या अंगणात दाखवली, निंबाखाली, म्हणजे धूर घरात येणार नाही. जया तिथे बसली. गोकुळा आत, ओट्यापाशी. आतला पंखा, थंड पाण्याचा फ्रिज, भांड्यांची चळत बघून तिला वाटलं, हे आता आपलं. तिने जीव ओतून रस्सा केला. चांगला झाला होता, चाखताना तिलाच कळलं.

पाहुणे जेवायला बसले आणि दोन रोट्या पानात पडल्याबरोबर एकेक जण उठून मागच्या दाराशी जायला लागला. कोणी मोबाइल धरून शूटिंग करत होतं, कोणी जयाला विचारत होतं की हात भाजत नाही का. एक पाहुणी बाई तर ताट घेऊन निंबाखालीच बसली. आत जेवणाच्या टेबलावर रस्सा निवत होता. गोकुळा पळी हातात धरून स्वयंपाकघरात एकटी उभी होती. खिडकीतून तिला दिसत होते जयाचे दोन हात, आणि त्यांच्यावर झुलणारी, कोपराच्या पार गेलेली, न फाटलेली रोटी. तिला खानावळीतला तो पत्रा आठवला, ती चूल आठवली. गोकुळा बंगल्यात आली तरी जया तिच्या मागे होतीच. सगळं जग एकदा उलटं झालं, मशीनने न्याय केला, तरी शेवटी माणसं उठून तिच्याकडेच गेली. त्या क्षणी गोकुळाला जयाचा इतका हेवा वाटला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रोट्या कोणाच्या हो?" कोणीतरी बाहेर विचारलं.

"आमच्या गोकुळाबाईंच्या. म्हणजे, त्यांनीच आणलीय ही बाई," मॅडम म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर मॅडम मोबाइल घेऊन आत आल्या. फार खूश होत्या. म्हणाल्या, गोकुळाबाई, मी तर ठरवलंय, तुम्हा दोघींना ठेवून घेते. तुम्ही आतलं बघा, ती पोळ्या-रोट्यांना. तिचं नाव काय, ॲपवर शोधते म्हणजे रीतसर होईल.

नुसतं जया म्हटलं असतं तरी चाललं असतं. फोटोवरून मॅडमनी शोधली असती, आडनावाकडे कदाचित लक्षही गेलं नसतं, आवडली म्हणून ठेवलीही असती. गोकुळाने पूर्ण नाव सांगितलं, आणि आडनाव जरा जोर देऊन.

"जया रामटेके."

मॅडमचा अंगठा काचेवर थांबला. फार नाही, एक घोट पाणी प्यायला लागेल एवढाच वेळ. "अच्छा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, परत मोबाइलकडे बघितलं. "मी तसलं काही मानत नाही हो. पण सासूबाई असतात ना घरात. आणि हे बघा, ॲपसुद्धा तिला किचनसाठी सुचवत नाहीये. त्यांच्याकडे काहीतरी माहिती असल्याशिवाय का असं करतील?" अंगठा एका बाजूला सरकला आणि जयाचा फोटो काचेवरून निघून गेला. "तुम्हीच या एक तारखेपासून. तुमच्याकडे मासे होत असतील, तेवढे इथे नकोत."

मग त्यांनी तिथल्या तिथे गोकुळाला पाच तारे दिले आणि खाली लिहिलं की रोटी अप्रतिम. लिहिलेलं गोकुळाला दाखवलंही. उरलेल्या रोट्यांचा डबा त्यांनी फ्रिजमध्ये ठेवायला काढला होता. तो उचलून त्यांनी माळ्याला देऊन टाकला.

हाच अंगठा. किती घरांत, किती बायांचा, असाच जरासा थांबलेला आणि सरकलेला. त्याच्यावर चढून ती इथवर आली होती, आणि सांगत होती की मशीनले हात समजते.

परतताना जया मडकं कडेवर घेऊन चालत होती. गोकुळा तिच्या दोन पावलं मागे.

रविवारी सकाळी प्रफुल दुकानाचं शटर वर करत असतानाच गोकुळा जाऊन उभी राहिली. तिने विचारलं, हे तारे परत देता येतात काय, नाहीतर दुसरीच्या नावावर टाकता येतात काय. प्रफुल हसला. असं कोणी आजवर विचारलं नव्हतं. मग तिने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, अंगठ्यापर्यंत. प्रफुलचं हसू गेलं.

"मले वाटलंच होतं," तो म्हणाला. "रामटेके, खोब्रागडे, दुर्गे, या बायांले किचन भेटून नाई राह्यलं. मी कंपनीले लिहिलं बी. ते म्हनतात, आमच्याकडे जातीचा रकानाच नाई, मंग भेदभाव कसा होईन?"

"मंग त्याले कोणं शिकवलं?"

"कोणीच नाई शिकवलं. लोकायचं बोट कुठी थांबते ते पाह्यते ते, रोज, हजारो घरांत. पाहून पाहून शिकलं. आता बोट थांबायच्या आधीच नाव खाली टाकते. म्हणजे लोकायले तेवढीबी तकलीफ नाई."

गोकुळाने विचारलं, मग माझं नाव वर होतं ते कशामुळे. प्रफुल मोबाइलची काच पुसत राहिला.

खरं सांगायचं तर तिला त्या वेळी जयाची दया आली नाही. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त जयाचा. तिने आयुष्यात एकदाच जयाला मागे टाकलं होतं, आणि ते टाकणंही खोटं निघालं. हरली तरी जयाची रोटी जयाचीच राहिली होती. गोकुळाकडे जिंकूनही काही नव्हतं.

दुपारी ती जयाच्या अंगणात गेली. दारावर निळा झेंडा, ओसरीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. अंगणात चूल पेटलेली होती, रविवार म्हणून धम्मदीपला रोट्या हव्या होत्या. जयाने पाट सरकवला. गोकुळा पाटावर बसली नाही, भुईलाच बसली.

"मॅडमले आडनाव मी सांगतलं," ती म्हणाली.

"मंग काय खोटं सांगशीन?"

"नुसतं जया म्हणता आलं असतं. मले माईत होतं."

जयाने गोळा उचलला, या हातावरून त्या हातावर घेतला. रोटी मोठी व्हायला लागली. तिने ती मडक्यावर सोडली, कडा सारख्या केल्या, आणि मग बोलली.

"मले बी माईत हाय. पावसाळ्यातच समजलं. धम्मदीपनं माह्याच फोटोवर दुसरं आडनाव टाकून पाह्यलं. दिवस बुडायच्या आत किचनची कामं यायले लागली."

"मंग?"

"ते आडनाव पुसून टाकाले लावलं त्याले. रोटी माही अन् नाव दुसऱ्याचं. असं कसं रांधू?"

एवढे महिने नळावर, किराणा दुकानात, मांडवात ती जे बोलत होती ते सगळं जयाने ऐकलं होतं. फोटो नवीन काढ म्हणून सांगितलं तेव्हाही तिला हे माहीत होतं, आणि तिने मान हलवली होती.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

जयाने मडक्यावरची रोटी उचलली, रुमालासारखी घडी घातली आणि गोकुळाच्या पुढ्यात ठेवली.

"तू किती खुश होतीस व," ती म्हणाली.

त्यात खोट नव्हती. या वेळी गोकुळाने ती शोधलीही नाही. तिने रोटीचा एक कोपरा तोडला आणि कोरडाच तोंडात घातला. जयाने तांब्या पुढे केला. तिने तो तोंडाला लावला आणि पाणी प्याली.

मांडीवर मोबाइल वाजला. टिंग. पाठोपाठ आणखी एकदा. बंगल्याचंच काहीतरी असणार, एक तारखेचं.

"वाच ना," जया म्हणाली. "काम असंन."

गोकुळाने मोबाइल उचलून डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"बारीक अक्षर हाय," ती म्हणाली. "दिसून नाई राह्यलं."

या वेळी ते खरं होतं. जयाने चुलीतलं एक ओलं लाकूड बाहेर ओढलं, धूर कमी व्हावा म्हणून, आणि पुढचा गोळा हातावर घेतला.